पाणी मुरतंय कुठे?

‘कुठेतरी पाणी मुरतंय’ असं कुणी म्हटलं की ऐकणाऱ्याचे कान टवकारतात. पोक केक करताना हे वाक्य शब्दशः घ्यायचं. भाजलेल्या केकला काट्याने किंवा सळईने भोकं पाडायची, त्यांत फळाच्या चवीची पातळ जेली ओतायची आणि ती आत मुरून गोठेपर्यंत फ्रीजचं दार उघडायचं नाही. मग वर फेटलेल्या क्रीमचा थर. कापल्यावर पांढऱ्या केकमध्ये लाल, केशरी किंवा जांभळ्या उभ्या रेघा दिसतात.

यात थर रचायचे नाहीत, नक्षी काढायची नाही, केक भांड्यातून उलटा काढताना श्वासही रोखावा लागत नाही, कारण तो भांड्यातच भाजतो, भांड्यातच मुरतो आणि भांड्यातूनच वाढला जातो. वीस-पंचवीस माणसं जमणार असली की म्हणूनच तो आठवतो. सोपा केक म्हणतात तो हा, आणि सोपा तो आहेच. पण बिघडतोही, आणि बिघडतो तो बहुतेक वेळा एकाच जागी: रस हवा तिथे मुरत नाही. तो तळाला जाऊन बसतो, किंवा वरच साचून राहतो, किंवा सगळीकडे सारखा पसरतो आणि रेघा दिसेनाशा होतात. पीठ, साखर, अंडी हा भाग कुणालाही जमतो. खरं काम सुरू होतं ते केक ओव्हनबाहेर आल्यावर, आणि ते जेमतेम अर्ध्या तासाचं असतं.

हा प्रकार अमेरिकेतला. तिथल्या लरॉय नावाच्या गावात पर्ल वेट याने १८९७ साली फळांच्या चवीची जिलेटिनची पूड तयार केली, तिला जेल-ओ हे नाव मिळालं, आणि दोनच वर्षांनी त्याने तो धंदा ४५० डॉलरला विकून टाकला. पुढे ती पाकिटं घराघरांत पोचली. जेलीचा केक म्हणून पोक केक लोकांच्या समोर आला तो १९७०च्या दशकात, जेल-ओच्या जाहिरातींतून. पाकीट खपवायला निघालेली कल्पना होती ती, पण कल्पना चांगली होती हे कबूल करायला हरकत नाही. भाजलेल्या केकवर पाक ओतण्याची रीत त्याआधीही होतीच. पाक मुरतो आणि मुरतच राहतो, जेली मात्र मुरता मुरता थांबते. त्या थांबण्यातच रेघा तयार होतात.

आधी भांडं. २३ × ३३ सेंटीमीटरचं, निदान ५ सेंटीमीटर खोल. काचेचं असेल तर उत्तम, बाजूने रेघा दिसतात आणि आंबट फळांचा त्यावर काही परिणाम होत नाही. साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या उघड्या भांड्यात स्ट्रॉबेरी किंवा लिंबाची जेली रात्रभर राहिली तर कडांना करडी झाक येते आणि चवीलाही धातू लागतो. असंच भांडं हाताशी असेल तर केक त्यात भाजा, पण मग तळाला आणि बाजूंना बेकिंग पेपर लावा. एरवी कागद नको. केक उचलून बाहेर काढायचा नाही, आणि रस कागदाखाली शिरला की तिथेच डबकं होतं. भांड्याला तेलाचा हलका हात पुरे. पातळ फॉइलचे ट्रे उचलताना वाकतात आणि वरचं क्रीम तडकतं, त्यामुळे असा ट्रे शेवटपर्यंत पाटावर किंवा जाड पुठ्ठ्यावर ठेवूनच हलवायचा.

माणसं कमी असतील तर २० सेंटीमीटरचं चौकोनी भांडं घेऊन पुढची सगळी मापं सरळ निम्मी करा. क्षेत्रफळाचा हिशेब जवळजवळ बरोबर निम्मा येतो.

केक तेलाचा करायचा, लोण्याचा नाही. हा केक फ्रीजमधून थेट ताटलीत जाणार असतो. लोणी फ्रीजमध्ये घट्ट होतं आणि त्याच्याबरोबर केकही. लोण्याचा केक गरम असताना कितीही मऊ लागला तरी थंडगार झाल्यावर विटेसारखा लागू शकतो. तेल थंडीतही पातळ राहतं, म्हणून तेलाचा केक दुसऱ्या दिवशीही लुसलुशीत राहतो. लोण्याचा वास जातो हे खरं, पण फळाची जेली आणि क्रीम असताना तो कुणाला आठवतही नाही.

मापं अशी. मैदा ३०० ग्रॅम, साखर ३०० ग्रॅम, अंडी ३, वास नसलेलं तेल १५० मिलि, दूध २४० मिलि, बेकिंग पावडर अडीच छोटे चमचे, मीठ अर्धा छोटा चमचा, व्हॅनिला २ छोटे चमचे. सगळं साधारण खोलीच्या तापमानाला आलेलं. अंडी आणि साखर तीन-चार मिनिटं फेटून फिकट आणि दाटसर करायची, तेल बारीक धारेने घालत फेटत राहायचं, मग चाळलेला मैदा तीन वेळा आणि दूध दोन वेळा असं आलटून-पालटून. मैदा पडल्यानंतर फेटणं थांबवायचं आणि हलक्या हाताने फक्त मिसळायचं. इथे हात जास्त चालला तर मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं आणि केकमध्ये उभे-आडवे बोगदे पडतात. एरवी बोगदे चालून जातात. या केकमध्ये मात्र ते घात करतात, कारण ओतलेला रस तुम्ही पाडलेली भोकं सोडून आधी त्या बोगद्यांत घुसतो. जाळी बारीक आणि सारखी हवी. मिश्रण भांड्यात ओतल्यावर भांडं ओट्यावर दोन-तीनदा आपटलं की मोठे बुडबुडे फुटतात.

अंडी नको असतील तर मैदा तेवढाच ठेवून ४०० ग्रॅम गोडसर ताजं दही, २५० ग्रॅम साखर, १८० मिलि तेल, २ छोटे चमचे बेकिंग पावडर आणि पाऊण छोटा चमचा खाण्याचा सोडा. दही-साखर-तेल एकत्र घोटून साखर विरघळू द्यायची, मग कोरडं जिन्नस. हा केक अंड्याच्या केकपेक्षा थोडा दमट आणि नाजूक होतो, म्हणून रस ५०-६० मिलि कमी घालायचा.

तयार केक मिक्सचं पाकीट वापरण्यात कमीपणा नाही. पांढऱ्या किंवा व्हॅनिला केकचं पाकीट घ्या, त्यावरच्या सूचनेप्रमाणे तेल घाला, पाण्याऐवजी दूध घेतलं तर जरा बरं. या केकमध्ये अक्कल लागते ती नंतर, आणि ती कुठल्याच पाकिटात मिळत नाही.

रंगाचा विचार मात्र आधीच करून ठेवायचा. अंड्याच्या पिवळ्या बलकाने केक पिवळसर होतो. लाल, केशरी, जांभळ्या जेलीला ते चालतं, निळी जेली त्यात पडली की शेवाळी हिरवी दिसते. निळाच रंग हवा असेल तर ३ अख्ख्या अंड्यांऐवजी ४ अंड्यांचं पांढरं वापरा आणि व्हॅनिला रंगहीन घ्या.

ओव्हन आधी तापवून १७५ अंश सेल्सिअसवर ३० ते ३५ मिनिटं. काचेचं भांडं असेल तर १६० अंश आणि आठ-दहा मिनिटं जास्त. काच हळू तापते आणि उशिरापर्यंत तापलेली राहते, त्यामुळे १७५ वर कडा करपतात आणि मध्य कच्चा राहतो. मध्यभागी टूथपिक घालून पाहा. तिला एखाद-दुसरा ओलसर कण चिकटलेला हवा. पूर्ण कोरडी निघाली तर केक दोन-तीन मिनिटं जास्त भाजला गेला. ‘जरा सुका झाला तरी काय, आता रस ओतणारच आहोत’ हा विचार अनेकांच्या मनात येतो आणि तो चुकीचा आहे. सुक्या केकची जाळी रस हावरटासारखी शोषून घेते, रस भोकात उभा राहायच्या आत आजूबाजूला पळून जातो. रेघा फुटतात, आणि कडा मात्र कोरड्याच राहतात.

केक मध्ये फुगून घुमटासारखा झाला तर रस कडांकडे वाहतो. घुमट छोटा असेल तर ओव्हनमधून काढल्याबरोबर स्वच्छ कापड ठेवून तळहाताने अलगद दाबला की बराचसा बसतो. सुरीने वरचा भाग कापून सपाट करू नका. भाजल्यावर वर आलेली पातळ कातडी ही या केकची छत्री आहे. ती असते म्हणूनच रस सगळीकडून न झिरपता फक्त भोकांतून आत जातो. ती कापली की वरचा सगळा थर स्पंज होतो आणि कापलेल्या तुकड्यात रेघांऐवजी गुलाबी धुकं दिसतं.

आता तो अर्धा तास.

केक बाहेर काढल्यावर १५ ते २० मिनिटं जाळीवर ठेवायचा. त्याच्या आधी भोकं पाडली तर आतली जाळी अजून ओली आणि चिकट असते, काट्याबरोबर केकचा चुरा वर येतो आणि भोक मागे आपोआप मिटतं. तासाभराने पाडली तर वरची कातडी घट्ट झालेली असते, काटा घातला की ती तडकते. शिवाय गार केकमध्ये जेली वरच्या वरच गोठू लागते. केकला हात लावल्यावर ऊब लागावी पण चटका बसू नये, ही वेळ.

भोक कशाने पाडायचं हे आत काय ओतणार यावर ठरतं. पातळ जेलीला ३-४ मिलिमीटर जाडीची सळई उत्तम. लाकडी चमच्याच्या दांड्याने पाडलेली बोटाएवढी भोकं घट्ट कस्टर्ड किंवा पुडिंगसाठी असतात. त्यांत पातळ जेली ओतली तर ती गोठायच्या आत तळाशी पोचते. काटा-चमचा सगळ्यांकडे असतो आणि एका दमात चार भोकं पाडतो, पण त्याचे दात बारीक असतात आणि भोकं जवळजवळ, म्हणून रेघा पुसट आणि दाट येतात. बघायला सळईची रेघ जास्त देखणी. कामाला काटा जास्त वेगवान. घाई असेल तर काटा घ्या, कुणी नावं ठेवणार नाही.

दोन भोकांत दीड सेंटीमीटर अंतर. या हिशेबाने २३ × ३३ च्या केकवर सव्वातीनशेच्या आसपास भोकं होतात. ऐकायला फार वाटतात, प्रत्यक्षात पाच-सहा मिनिटांचं काम. सळई सरळ उभी घालायची, आत गेल्यावर अर्धा पीळ द्यायचा आणि तशीच सरळ वर काढायची. पिळामुळे भोकाच्या भिंती नीट दाबल्या जातात. दर आठ-दहा भोकांनंतर ओल्या कापडाने सळई पुसा, नाहीतर चिकटलेला चुरा पुढचं प्रत्येक भोक जरासं फाडत जातो.

खोली किती, यावर मतभेद आहेत. तळापर्यंत भोकं पाडा असं पुष्कळ पाककृती सांगतात. आमच्या मते तळाच्या अर्धा-पाऊण सेंटीमीटर वर थांबावं. सळई भांड्याच्या तळाला टेकली की रसाला मोकळी वाट मिळते. तो खाली उतरतो, केक आणि भांडं यांच्यामध्ये पसरतो आणि गोठून रबरी पापुद्रा होतो. तुकडा उचलताना हा पापुद्रा भांड्यातच राहतो आणि केकचा खालचा भाग सोबत ठेवून घेतो. सळईवर हव्या त्या उंचीला चिकटपट्टीची खूण केली की अंदाज चुकत नाही.

रसाचं माप हा या केकचा गाभा. जेलीच्या पाकिटावर जितकं पाणी लिहिलेलं असतं त्याच्या पाऊणपट घ्यायचं. नुसती जेली म्हणून वाटीत गोठवताना लिहिलेलं माप बरोबर असतं, पण केकमध्ये रस जाळीत पसरतो आणि केकचाही ओलावा त्यात मिसळतो, म्हणून जेली थोडी जास्त घट्ट हवी. ८५ ग्रॅमच्या पाकिटाला २४० मिलि उकळतं पाणी आणि ते पूर्ण विरघळल्यावर १२० मिलि थंड पाणी, एकूण ३६० मिलि. उकळत्या पाण्यात पूड टाकल्यावर पूर्ण दोन मिनिटं ढवळा. चमचा वर काढून पाठीमागे पाहा, एकही कण दिसता कामा नये. न विरघळलेले कण भोकांच्या तोंडाशी अडकतात आणि खाताना खडीसाखरेसारखे लागतात. थंड पाणी घातल्यावर मिश्रण साधारण ६० अंशांवर येतं. तसंच, लगेच ओतायचं.

३६० मिलि कमी वाटतं. हिशेब करून पाहा: हा सगळा रस केकवर एकदम साचून राहिला असता तर जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरचा थर झाला असता. तीन सेंटीमीटर खोल आणि ४ मिलिमीटर रुंद भोकात अर्धा मिलिही मावत नाही. सव्वातीनशे भोकं मिळून सव्वाशे मिलि. म्हणजे रसाचा एक तृतीयांश भाग भोकांत उभा राहतो आणि उरलेला त्यांच्या भोवतालच्या जाळीत जातो. ही वाटणी जमली की रेघही दिसते आणि केकही ओलसर लागतो. ‘अजून थोडा घालू’ म्हणून अर्धा लिटर ओतला तर ज्यादाच्या रसाला तळाखेरीज जागाच नसते.

ओतायचा तो बारीक चोचीच्या भांड्यातून किंवा चमच्या-चमच्याने, भोकांच्या रांगेवरून. पहिल्या फेरीत निम्मा. दोन मिनिटं थांबा, बुडबुडे येताना दिसतील. आतली हवा बाहेर पडल्याशिवाय रसाला आत जागा मिळत नाही, आणि सगळा एकदम ओतला तर भोकांची तोंडं बंद होऊन हवा आतच कोंडते. मग दुसरी फेरी. कडांना किंचित जास्त, कारण तिथला केक जास्त भाजलेला असतो. मध्यभागी सढळ हात सोडायचा नाही. दोन रंग हवे असतील तर दोन पाकिटांचा अर्धा-अर्धा रस करून एकाआड एक रांगेत ओता, पण मग सळईच वापरा. काट्याच्या जवळजवळच्या भोकांत दोन्ही रंग एकमेकांत मिसळून मळकट होतात.

पाकिटाऐवजी खरं फळ वापरायचं असेल तर चव कितीतरी वरची, आणि कटकटही थोडी जास्त. ३५० मिलि गाळलेला फळांचा रस किंवा पातळ गर, ६० ते ७५ ग्रॅम साखर, एक मोठा चमचा लिंबाचा रस, ७ ग्रॅम जिलेटिन. जिलेटिन ६० मिलि थंड पाण्यावर भुरभुरवून पाच मिनिटं फुगू द्यायचं. रसाचा निम्मा भाग साखरेबरोबर गरम करून आचेवरून उतरवायचा, त्यात फुगलेलं जिलेटिन विरघळवायचं, मग उरलेला रस आणि लिंबू. सगळा रस उकळत नाही म्हणून फळाचा ताजेपणा टिकतो. संत्र्याच्या बाबतीत तर हे फारच जाणवतं. उकळलेला संत्र्याचा रस बोथट लागतो, त्याचा सुगंध सालीत असतो, तेव्हा एका संत्र्याची किसलेली साल केकच्या मिश्रणातच घाला. किसताना पांढरा भाग येऊ देऊ नका, तो कडू. स्ट्रॉबेरी, रासबेरीचा गर बारीक गाळणीतून गाळावाच लागतो, नाहीतर बिया भोकांना बूच लावतात. आंबा, पीच यांचा गर दाट असतो. चमच्यावरून दुधासारखा ओघळेल इतपत पाण्याने सैल करून मग ३५० मिलि मोजा.

चव पाहताना एक लक्षात ठेवायचं. गरम असताना बरोबर वाटणारी गोडी थंड झाल्यावर फिकी पडते. रस चाखताना किंचित जास्त गोड आणि किंचित जास्त आंबट लागला पाहिजे. लिंबाचा हात मात्र आवरा, जास्त आंबटपणाने जिलेटिनची पकड सैल होते.

आणि अननस. ताजा अननस, किवी, पपई आणि अंजीर यांच्यात प्रथिनं तोडणारी विकरं असतात. जिलेटिन हे प्रथिनच, त्यामुळे या फळांचा कच्चा रस घातला तर जेली रात्रभर काय, आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवली तरी गोठत नाही. डब्यातला अननस चालतो, कारण डबाबंद करताना तो तापवलेला असतो आणि उष्णतेने ही विकरं निकामी होतात. ताजाच हवा असेल तर त्याचा सगळा रस पाच मिनिटं उकळून घ्या. क्रीमवर सजावटीला ठेवलेली ताज्या अननसाची किंवा किवीची फोडसुद्धा खालच्या जेलीपर्यंत पाझरून ती सैल करू शकते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

जिलेटिन प्राण्यांपासून बनतं, त्यामुळे जमणाऱ्यांत शाकाहारी कुणी असेल तर अगार-अगार, म्हणजे चायना ग्रास. पण नुसती अदलाबदल करून भागत नाही. अगारचा स्वभाव वेगळा. ते विरघळायला निदान दोन मिनिटं उकळावं लागतं, आणि ३२ ते ४० अंशांच्या दरम्यान, म्हणजे फ्रीजबाहेरच गोठतं. ३५० मिलि रसाला २ ग्रॅम पूड पुरते. सगळी पूड निम्म्या रसात उकळायची, उरलेला रस कोमट करून मिसळायचा, आणि लिंबू शेवटी, कारण लिंबासकट उकळलं तर अगारची ताकद जाते. मग चढ्या गरमीतच, अजून ऊब असलेल्या केकवर भराभर ओतायचं. रेंगाळलात तर भांड्यातच थिजेल. थिजलंच तर घाबरू नका, पुन्हा उकळलं की परत पातळ होतं. अगारचा पोत जिलेटिनसारखा तोंडात विरघळणारा नसतो, जरा तुटक लागतो. पण दोन फायदे आहेत: अननसाच्या विकरांचं त्याच्यापुढे काही चालत नाही, आणि एकदा गोठलं की साधारण ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. उघड्यावर, उन्हाच्या दिवसांत मंडळी जमणार असतील तर अगारच बरं. जिलेटिन तिशी ओलांडल्यावर सैल पडू लागतं आणि रेघा घामाघूम होतात.

रस ओतून झाला की केक खोलीत पुरता निवू द्या, मग झाकून फ्रीजमध्ये. कमीत कमी ४ तास, खरं म्हणजे रात्रभर. घाईने गरम काच फ्रीझरमध्ये सरकवू नका, तापमानाच्या धक्क्याने ती तडकू शकते. शिवाय फ्रीझरमध्ये गोठलेली जेली नंतर पाणी सोडते, म्हणून उरलेला केकही फ्रीझरमध्ये ठेवण्याच्या लायकीचा नसतो.

क्रीम लावायचं ते केक पूर्ण थंड झाल्यावरच. ४०० मिलि व्हिपिंग क्रीम, स्निग्धांश ३५ टक्क्यांच्या आसपास, ४० ग्रॅम पिठीसाखर, एक छोटा चमचा व्हॅनिला. भांडं आणि फेटणी पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये. फेटल्यावर क्रीम साधारण दुप्पट होतं आणि केकवर एक सेंटीमीटर जाडीचा थर बसतो. टोक उभं राहून शेंडा जरासा वाकला की थांबा. पुढे गेलात तर ते दाणेदार होतं. तसं झालंच तर दोन-तीन मोठे चमचे न फेटलेलं क्रीम घालून हाताने ढवळा, बहुतेक वेळा सावरतं. लोणी आणि पाणी वेगळं झाल्यावर मात्र उपाय नाही. एक मोठा चमचा दूध पावडर साखरेबरोबर घातली तर क्रीम दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी सोडत नाही. तयार गोड नॉन-डेअरी क्रीम वापरणार असाल तर साखर अजिबात नको. ते जास्त फुगतं, तेव्हा २५० मिलिच घ्या.

क्रीम घसरत असेल तर केकच्या वर जेलीचा पातळ पडदा राहिला आहे असं समजा. रस थंड होऊन ओतला, किंवा भोकं कमी पडली. अशा वेळी काट्याने तो पडदा इथे-तिथे ओरखडा आणि मग क्रीम लावा. क्रीमवर रंगाचे डाग उमटत असतील तर जेली अजून गोठलेली नाही. क्रीम काढायच्या भानगडीत पडू नका, वर फळं पसरून झाकून टाका.

फळं अगदी वाढायच्या आधी. स्ट्रॉबेरी, संत्र्याच्या पाकळ्या, चेरी, जे आत आहे तेच वर. धुऊन, कापडावर कोरडी करून, कापलेली बाजू वर करून ठेवायची. वरून साखर भुरभुरवायची नाही, ती फळातलं पाणी बाहेर ओढते. केळं, सफरचंद काळी पडतात, ती नकोत.

लोक जमण्याच्या आदल्या संध्याकाळी केक भाजा, रात्री मुरू द्या, सकाळी क्रीम लावा, ऐनवेळी फळं. या केकची सोय ती हीच की दाराची घंटा वाजते तेव्हा ओट्यावर काहीही पसरलेलं नसतं. बारा तास मुरलेला केक चार तासांच्या केकपेक्षा सरस लागतो. चोवीस तासांनंतर तो आणखी सुधारत नाही.

कापताना लांब सुरी गरम पाण्यात बुडवा, पुसा, आणि करवतीसारखी न ओढता सरळ खाली दाबा. प्रत्येक कापानंतर पुन्हा पुसायची, नाहीतर लाल जेली पांढऱ्या क्रीमवर फरफटत जाते. लांबीत ६ आणि रुंदीत ४ असे २४ तुकडे, जेवणानंतर खायला पुरेसे. नुसता केकच असेल तर १५ करा. फ्रीजबाहेर २ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर १ तासच. मोठा घोळका असेल तर दोन छोट्या भांड्यांत करून एक बाहेर, एक फ्रीजमध्ये ठेवणं शहाणपणाचं.

पहिला तुकडा मोडणार, त्याला इलाज नाही. तो कोपऱ्यातला घ्या, सपाट उलथन्याने उचला आणि वाढण्याआधी त्याची कापलेली बाजू नीट पाहा. रेघा वरपासून जवळजवळ तळापर्यंत उभ्या असतील तर सगळं जमलं. वर दाट आणि खाली काहीच नाही, तर केक गार झाला होता किंवा रस. खाली गडद पट्टा आणि वर पांढरं, तर केक फार गरम होता नाहीतर भोकं तळाला टेकली. कुठेच रेघ नसून सगळा तुकडा फिकट गुलाबी असेल तर बहुधा भोकं फार जवळजवळ पडली किंवा वरची कातडी गेली. असा केक खायला मात्र मस्तच लागतो, तेव्हा उरलेले तेवीस तुकडे न बोलता वाढा.